म्हातारपण कुठून शिरते?

शेतकऱ्याचे वय चेहऱ्यावरून ओळखायला जाल तर हमखास फसाल. योजनांचे अर्ज भरून घेताना मी मनाशी एक आकडा धरतो आणि मग कागदावरची जन्मतारीख पाहतो. पूर्वी शिधापत्रिका पाहायचो, आता आधारकार्ड पाहतो, पण हा खेळ नोकरीला लागल्यापासून चालू आहे. बहुतेक वेळा माझा आकडा आठ-दहा वर्षांनी जास्तच निघतो. समोरचा गृहस्थ मला साठीचा वाटतो आणि कागद सांगतो की तो अजून पन्नाशीलाही टेकलेला नाही. उलट कधी एखादी सत्तरीची आजी गवताचा भारा डोक्यावर घेऊन ताठ मानेने बांधावरून पुढे निघून जाते आणि आम्ही सरकारी माणसे धापा टाकीत मागे राहतो. दोघेही त्याच उन्हातले आणि त्याच भातावर वाढलेले. मग हा फरक पडतो कुठे?

"तरुण दिसणे हा शहरातल्या लोकांचा चाळा. आपल्याला काय त्याचे?" असे तुम्ही म्हणाल. आमच्या माकुणसारला चार मंडळी बसली असताना मी हा विषय काढला, तर सगळे हसले. पण त्या हसण्यावर माझा विश्वास बसला नाही. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी कलप लावलेला होता!

आमच्या आळीत एक वहिनी आहेत. वाडीतली भाजी पाट्यांत भरून पहाटेच्या गाडीने मुंबईकडे न्यायची, दुपारी परत यायचे, पुन्हा वाडीत उतरायचे, असा त्यांचा पंचवीस वर्षांचा क्रम. वय सत्तेचाळीस. एकदा बाजारात त्यांच्याच वयाच्या एका गिऱ्हाईक बाईने त्यांना विचारले, "आजी, माठाची जुडी कितीला?" वहिनींनी भाव सांगितला, जुडी दिली, पैसे घेतले. घरी येऊन मात्र आमच्या मंडळींपाशी त्या रडल्या. थोरल्या मुलीचे लग्न ठरत आलेले. "वरमाई म्हणून उभी राहीन तेव्हा व्याहीण मुलीसारखी दिसेल आणि मी तिच्या आईसारखी," असे त्या म्हणाल्या. या दुःखाला चाळा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

वहिनींच्या दोन्ही गालांवर वांग होते. गाडीतल्या ओळखीच्या कोणीतरी त्यांना एक मलमाची नळी आणून दिली. पंधरा दिवसांत वांग फिके झाले, चेहरा उजळला. मलम संपले की दुसरी नळी यायची. चार-पाच महिने असे गेले. मग एकदा आठवडाभर नळी मिळाली नाही आणि चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. उन्हात पाऊल टाकले की आग, गालांवर पुळ्या, हनुवटीवर बारीक केस. पुन्हा मलम लावले की शांत, थांबवले की आग. साखरपुड्याला पंधरा दिवस उरले असताना त्या ती नळी घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही औषधातले जाणता. हे काय आहे ते वाचून सांगा."

मी फवारणीच्या औषधातला माणूस, माणसांच्या औषधातला नव्हे. पण डब्यावरचे बारीक अक्षर वाचणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. नळीवर मोठ्या अक्षरात कांती, तेज वगैरे होते आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात क्लोबेटासॉल. हे स्टिरॉइड आहे. वहिनींना मी लगेच त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे पाठवले. निघताना त्यांनी हळूच सांगितले की अशीच एक नळी मुलीनेही आणून ठेवली आहे, लग्नाआधी महिनाभर लावावी म्हणून. ती नळी न उघडताच टाकून दिली गेली, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

स्टिरॉइडचे मलम हे वाईट औषध नव्हे, हे आधी सांगतो. इसब आणि तसल्या काही विकारांत डॉक्टर ते मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात आणि गुण येतो. पण गोरे होण्यासाठी ते रोज तोंडाला फासले की कातडी पातळ होत जाते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि कातडीला त्या मलमाची सवय लागते. तुम्ही हे शेतात पाहिलेले आहे. वांग्यावर जहाल कीटकनाशक मारले की आठ दिवस पीक स्वच्छ दिसते. पण कोळ्यांना खाणारे मित्रकीटकही मेलेले असतात, म्हणून नंतर लाल कोळी दुपटीने उसळतो. मग आणखी जहाल औषध आणायचे. वहिनींच्या गालावर तेच घडत होते.

केंद्र सरकारने २०१८ साली लावायच्या अशा अनेक स्टिरॉइड औषधांना शेड्यूल एच मध्ये घातले. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा असा आहे, पण नळी मात्र गाडीच्या डब्यात हातोहात फिरते. म्हणून नावे ओळखायला शिका: क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यांपैकी एकही नाव दिसले तर ते सौंदर्यप्रसाधन नव्हे, औषध आहे. आणि आधीच काही महिने लावीत असाल तर हे वाचून आजच एकदम फेकूनही देऊ नका. कसे कमी करायचे ते डॉक्टर सांगतील.

याहून वाईट प्रकार पाऱ्याचा. पारा कातडीतला काळा रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा झपाट्याने उजळतो. पण तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. अकोल्याच्या एका कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाला, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेता त्या वापरीत असलेल्या मलमात भरमसाट पारा निघाला. ही बातमी २०२३ साली वर्तमानपत्रांत सगळीकडे आली होती. पाऱ्याचे नाव वेष्टनावर बहुधा नसतेच. तेव्हा जिच्यावर कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही, अशी डबी कोणी प्रेमाने दिली तरी घेऊ नका. बियाण्याची पिशवी तुम्ही लेबल पाहून घेता ना? मग तोंडाला लावायच्या वस्तूला तेवढी तरी चौकशी हवी.

वहिनींचा चेहरा पूर्वपदावर यायला वर्ष लागले. गालांवर बारीक लाल रेघा राहिल्या आहेत, त्या कदाचित जाणार नाहीत. वांगही थोडे आहेच. वांगाला अनेक कारणे असतात: बाळंतपण, पाळणा लांबवण्याच्या गोळ्या, घराण्यातला वारसा. पण ते गडद करणारा मुख्य गडी म्हणजे ऊन.

ऊन किती काम करते याचा पुरावा तुमच्याजवळच आहे, त्यासाठी कुठल्या प्रयोगशाळेत जायला नको. आम्ही खताचे प्रात्यक्षिक घेतो तेव्हा एक वाफा मुद्दाम खताविना ठेवतो. त्याच्याशी तुलना केल्याशिवाय खताने काय केले ते कळत नाही. तुमच्या अंगावर असा एक वाफा देवाने राखून ठेवला आहे. सदऱ्याची बाही वर करा आणि दंडाची आतली बाजू पाहा. मग पंजाची वरची बाजू पाहा. दोन्ही कातडी एकाच वयाची, एकाच अन्नावर पोसलेली. तरी एक मऊ, सपाट, एका रंगाची आणि दुसरी जाड, सुरकुतलेली, डागाळलेली. या दोघींतला बराचसा फरक उन्हाचा. आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा आमची मंडळी बराच वेळ स्वतःचा दंड पाहत राहिली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी लांब बाह्यांचा जुना सदरा वाडीत नेण्यासाठी मागून घेतला.

परदेशातले एक उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात २०१२ साली छापून आले होते. एका ट्रकचालकाने अठ्ठावीस वर्षे गाडी हाकली. त्यांच्याकडे चालक डावीकडे बसतो. त्याच्या तोंडाची डावी बाजू खिडकीकडे, आणि त्याच बाजूची कातडी उजव्या बाजूपेक्षा कितीतरी जाड, लोंबती, सुरकुत्यांनी भरलेली. काच बंद असली तरी उन्हातले काही किरण तिच्यातून आत येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. भाजीचा टेंपो चालवणाऱ्या एखाद्या जुन्या गड्याचे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आता शेतकऱ्याने उन्हात जाऊ नये असे मी सांगणार नाही. तसे सांगणाऱ्याने आधी भात लावून दाखवावे. पण सावली अंगावर घेऊन जाता येते. आपली पांढरी टोपी डोके झाकते, कान आणि मान उघडी टाकते. बायकांचा पदर कपाळ झाकतो, नाक आणि गाल उघडे टाकतो, आणि वांग नेमके तिथेच येते. चारी बाजूंनी तीन-चार इंच काठ असलेली टोपी घ्या, पदर किंवा उपरणे तिच्याखालून मानेवर सोडा. कापड दाट विणीचे हवे. विरलेल्या मलमलीतून ऊन गाळून येते. ढग आले म्हणून टोपी काढू नका. लावणीच्या दिवसांत ढगांतूनही किरण येतात आणि खाचरातल्या पाण्यावरून उलटे तोंडावर थोडेफार येतातच. सकाळी दहा ते दुपारी चार हे सर्वांत जहाल तास. तेवढ्या वेळेत माडाखालची, केळीच्या ओळींतली, गोठ्यातली कामे उरकता आली तर पाहा. आमच्या किनारपट्टीच्या वाड्यांना ही सावलीची चैन आहे. माळरानावर भाजणाऱ्या आमच्या देशावरच्या बंधूंना ती नाही, हे मला कळते.

टोपीने टक्कल पडते ही समजूत खोटी आहे. टक्कल वडिलांकडून येते, आईकडूनही येते. टोपीकडून येत नाही. डोळ्यांनाही टोपीचा उपयोग आहे. ऊन, वारा आणि धूळ यांनी बुबुळाच्या कडेला पांढरट पडदा वाढतो तो आपल्याकडे किती जणांना दिसतो ते पाहा. मोतीबिंदूलाही ऊन हातभार लावते.

कातडीविषयी एवढे पुरे. खरे म्हणाल तर माणसाला म्हातारे दाखवणारी पहिली गोष्ट सुरकुती नाहीच. ती आहे दात. दाढा गेल्या की त्यांना धरून ठेवणारे जबड्याचे हाड झिजत जाते, गाल आत ओढले जातात, ओठ दुमडतात, नाक आणि हनुवटी एकमेकांना भेटायला निघतात. मग वर कोणते मलम लावाल? आणि दात जातात ते वयाने कमी आणि आपल्या हाताने जास्त. मिश्री ही भाजलेली तंबाखू. ती हिरड्यांना चिकटून बसते. "मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही" म्हणणाऱ्या मावशीचे पोट तंबाखूला बांधलेले असते, एवढाच त्याचा अर्थ. राखुंडी, कोळसा, विटेचा भुगा यांनी दातांवरचे कवच घासले जाते. रात्री झोपताना ब्रश, ही एक सवय घरातल्या पोरांबरोबर आपणही लावून घेतली तर बाकीच्या दहा उपायांना भारी आहे.

पानाविषयी लिहिताना माझी पंचाईत होते. आमच्या केळवे-माहीम पट्ट्यात नागवेलीच्या बागा आहेत. पानावर घरे उभी राहिली, मुले शिकली. पानाची बाजू मी घेणारच. पण पानात जी सुपारी जाते तिने तोंडाच्या आतली कातडी हळूहळू दोरीसारखी आवळत जाते. तंबाखू नसली तरी नुसती सुपारीदेखील कर्करोग करणारी आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच जाहीर केले आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि बंदी कशी पाळली जाते ते टपरीवर दिसतेच. एक परीक्षा आत्ता करा. तोंड उघडून तीन बोटे एकावर एक अशी उभी आत जातात का पाहा. जात नसतील तर दातांच्या डॉक्टरांकडे जायला उद्याचीही वाट पाहू नका. हे दिसण्याचे काम राहिलेले नाही. तीस-पस्तिशीच्या पोरांची तीन बोटे जात नाहीत, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते पाहून रात्री झोप लागलेली नाही.

दुसरी गोष्ट पाठ. लांबून येणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, चाल दिसते. वाकलेली पाठ, पुढे आलेली मान, घासत पडणारे पाऊल, एवढ्यावर आपण ठरवतो की म्हातारबुवा आले. भाताच्या लावणीत आठ-आठ तास वाकायचे, मग निंदणीला वाकायचे, मग कापणीला. त्यावर पाटी डोक्यावर. यातले सगळे टाळता येणार नाही, थोडे येते. लांब दांड्याच्या कोळप्याने उभ्याने निंदणी होते. ओळीत लावलेल्या भातात कोनोवीडर चालतो. मी जिथे शिकलो त्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा वैभव विळा वजनाला हलका, दातेरी धारेचा आहे आणि हाताला कमी त्रास देतो. ही अवजारे तरुण गडी मागून घेतात आणि बायकांच्या हाती जुनाच विळा राहतो, हे मला अनेक घरांत दिसते. घरात एकच चांगला विळा असेल तर तो जास्त कापणाऱ्याच्या हातात असावा, नाही का? आणि दर अर्ध्या तासाने उभे राहून दोन्ही हात कमरेवर ठेवून पाठ मागे वाकवा. चार श्वास. शेजारीण हसेल. हसू द्या.

पाठ आतून धरणारी हाडे. बायकांची पाळी थांबली की पुढची काही वर्षे हाडे वेगाने विरळ होतात. उंची कमी होते, पाठीला पोक येतो. आपल्या ताटात सडलेला पांढरा तांदूळ असतो आणि त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, जवळजवळ नाहीच. शंभर ग्रॅम नागलीत ते साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते. ही नागली आपल्याच जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याच्या वरकस जमिनीत पिकते आणि आपण तिला गरिबाचे धान्य म्हणून टाळतो. रोज एक भाकरी खा. काट्यासकट चावून खाता येणारी बारीक मासळी, शेवग्याचा पाला, ताक, तीळ. सुक्या मासळीत मीठ फार असते. रक्तदाब असेल तर चांगली धुऊन आणि बेताने घ्या. डाळ, अंडे, मासे हे जेवणाच्या शेवटी बोटभर न राहता दोन्ही वेळेला पानात हवे, कारण चाळिशीनंतर स्नायू हळूहळू वितळतात आणि कातडी सैल दिसते ती अर्धी त्यामुळेच. चहाचेही बघा. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे आठ-दहा ग्रॅम, आणि शेतकऱ्याचा दिवस सहा कपांवाचून सरत नाही. वर्षातून एकदा रक्तातली साखर तपासून घ्या. मधुमेह लपून राहिला तर कातडी, दात, डोळे, पाय सगळ्यांना एकदमच म्हातारे करतो.

साबणाविषयी थोडे. कपड्याचा साबण तोंडाला लावू नका. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच चार थेंब खोबरेल हातापायांना चोळा. ओल्या वाफ्यावर पेंढ्याचे आच्छादन घातल्यासारखे आहे हे: ओल आत राहते. कोरड्या अंगावर तासाने तेल लावले तर तेवढा फायदा नाही. टाचांच्या भेगांना रात्री कोमट पाण्यात पाय ठेवून कोकमाचे मुठेल गरम करून भरावे, हा दक्षिण कोकणातला उपाय मी दापोलीला शिकलो आणि तो उत्तम आहे. लावणीच्या दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. घरी आल्यावर पाय धुऊन फडक्याने बेचके कोरडे करणे हाच त्यांवर पहिला इलाज. फवारणी केलेले कपडे रात्री अंगावर राहू देऊ नका, हे तर तुम्हाला माझ्याकडून शंभरदा ऐकायला मिळाले आहे.

भरपूर पाणी प्यायल्याने सुरकुत्या जातात असे सांगतात. जात नाहीत. उन्हात काम करताना पाणी प्यायलेच पाहिजे, पण ते जीव सांभाळण्यासाठी.

झोपेचा प्रश्न आमच्या भागात अवघड आहे. भाजीवाल्या बायका पहाटे तीनला उठतात. बोईसरच्या कारखान्यांत जाणारी पोरे एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी करतात. डोळ्यांखालचा काळोख आणि ओढलेला चेहरा तिथून येतो. पहाटे तीनला उठायचे असेल तर रात्री अकरापर्यंत दूरदर्शनसमोर बसून चालणार नाही, आणि तेही फक्त बाईने ठरवून भागत नाही. जेवण लवकर आटोपून भांडी दुसऱ्या कोणी घासली तरच तिला आठला पाठ टेकता येते. वहिनींच्या घरी आता भांडी मुलगा घासतो. पहिले आठ दिवस आळीत चर्चा झाली, मग बंद पडली.

राहिला कलप. पांढऱ्या केसांत मला तरी काही कमीपणा वाटत नाही, पण लावणाऱ्याला मी अडवणार नाही. एवढे मात्र ध्यानात ठेवा की काळा रंग पटकन चढवणाऱ्या कलपात, आणि 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीतसुद्धा, बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. ते काही जणांना अजिबात सोसत नाही: डोके खाजते, पापण्या सुजतात, कपाळावर पाणी भरलेले फोड येतात. आधी कधी त्रास झाला नाही म्हणून पुढे होणार नाही असेही नसते. म्हणून दर वेळी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंबभर लावून दोन दिवस थांबा. खाज नाही, लाली नाही, मग डोक्याला लावा. आणि घरात लग्न असेल तर नवा कलप हळदीच्या आदल्या रात्री उघडू नका, पंधरा दिवस आधीच लावून पाहा.